हात मागे बांधून

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं शेवटी. सोलापूरकडच्या ज्या तालुक्याच्या गावात मी वाढले, तिथे ही गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती, कारण लोकांना तिचा उपयोग होता. कुणाच्या कमरेत उसण भरली की सकाळी आमच्या दारात माणूस उभा. "पोरगी उठली का?" मला अर्धवट झोपेत बाहेर आणायचे. तो माणूस पाठमोरा वाकायचा आणि मी डावा पाय त्याच्या कमरेला लावायचे, लाथेसारखा, पण हळूच. मोठ्या माणसाला पाय लावला म्हणून लगेच त्याच्या पाया पडायचे. मग हातावर गुळाचा खडा यायचा. उसण जायची की नाही, हे मी कधी विचारलं नाही. माणसं पुन्हा यायची, एवढं खरं.

बंगळुरात हे कुणाला माहीत नाही. के. आर. पुरमला मी राहते त्या इमारतीत माणसं कंबर धरून जिने चढतात, मी बाजूला होऊन वाट देते. कधी कधी वाटतं, सांगावं. पण कसं सांगणार आणि कुठल्या भाषेत? माझं कन्नड रिक्षापुरतं आणि दुकानापुरतं आहे: स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं, आणि सगळ्यात जास्त वापरलेला शब्द गोत्तिल्ल, म्हणजे माहीत नाही.

माझ्या जन्माची गोष्ट आई एकाच पद्धतीने सांगते. गावातल्या सरकारी दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आली होती. आईला वेणा सुरू झाल्या, माझे पाय दिसायला लागले, नर्स म्हणाली ओढू या, तर या बाईने तिला मागे सारलं. "अन् स्वतः काय केलं? काही नाही. हात मागं बांधून नुसती उभी. मी इकडं मरायला टेकलेली, अन् ती म्हणती, थांबा, थांबा. शेवटाला जरा हात लावला, तेवढंच. पगार कशाचा घेत होती कुणास ठाऊक." बाळंतपण करणाऱ्या बाईची खणा-नारळाने ओटी भरायची आमच्याकडे रीत आहे. आईने रागाने ती भरली नाही. बाई पुढे बदलून गेली आणि आमच्या घरात एक बोलणं तेवढं ठेवून गेली. कुणी काम सोडून रिकामं उभं राहिलं की वडील म्हणायचे, "काय, डॉक्टरीणबाई झालीस का?"

वडिलांचं स्टँडजवळ पंक्चरचं दुकान होतं. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात पदवीपर्यंत गेलेली मीच पहिली. गावच्या कॉलेजात बी.एस्सी. झाले, मग एका सरांनी पुण्याला रुग्णालय व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाचा पत्ता दिला, स्वतः गाडीत बसवून दिलं. त्या सरांचे आणि वडिलांचे उपकार मी रोज आठवते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. माझं पदवी प्रमाणपत्र वडिलांनी दुकानात लावलं होतं, ट्यूबच्या वेटोळ्यांच्या वर. ग्रीसचा हात लागेल म्हणून ते त्याच्याकडे लांबूनच बोट दाखवायचे.

आता माझं सगळं कामच प्रमाणपत्रांचं आहे. होसकोटेच्या रस्त्याला असलेल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात मी डॉक्टरांची कागदपत्रं पडताळते. नवीन डॉक्टर आला की त्याने आणलेल्या पदवीवर आम्ही विसंबत नाही. ज्या विद्यापीठाने ती दिली त्यालाच विचारतो. आधीच्या रुग्णालयाला विचारतो, वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी तपासतो. मग दुसरा भाग येतो, तो लोकांना माहीत नसतो. डॉक्टर झाला म्हणून त्याला सगळं करता येत नाही. आमच्या रुग्णालयात त्याने नेमकं काय करायचं, कुठली शस्त्रक्रिया एकट्याने, कुठली वरिष्ठ शेजारी उभा असताना, कुठली अजिबात नाही, हे समिती ठरवते. याला प्रिव्हिलेज म्हणतात. दर दोन वर्षांनी ते नव्याने तपासलं जातं आणि त्यात मुख्य प्रश्न असतो: मधल्या काळात तुम्ही हे केलंत का? बराच काळ केलेलं नसेल तर ते काम तुमच्या नावापुढून जातं.

मला हे काम आवडतं. लोकांच्या पदव्या हाताळताना मी अजूनही कडेने धरते.

आमच्याकडे प्रसूती विभागात एक ज्येष्ठ डॉक्टर आहेत. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलं असं त्या सांगतात. घरात मराठी बोलतात, पण ती कन्नडच्या चालीवर चालते. मी मराठी आहे हे कळल्यापासून त्या माझ्या टेबलाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत.

"काय अक्का, माझे कागद पास?"

"मॅडम, तुम्ही मला अक्का म्हणू नका. मी लेकीच्या वयाची आहे."

"परवानगी देते ती अक्का. वयाचं काय आहे त्यात?"

एका वर्षी त्यांच्या प्रिव्हिलेजचं नूतनीकरण माझ्याकडे आलं. एका ओळीवर मी अडले. पायाळू बाळाचं नैसर्गिक बाळंतपण. दोन वर्षांत त्यांनी असं एकही केलेलं नव्हतं. त्यांनीच काय, आमच्या रुग्णालयात कुणीच केलेलं नव्हतं. सोनोग्राफीत बाळ आडवं किंवा उलटं दिसलं की तारीख ठरते आणि सिझेरियन होतं. आईला ते बरं वाटतं, घरच्यांना बरं वाटतं, डॉक्टरलाही.

मी त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं.

"शून्य आहे तर शून्य लिही. खोटं लिहायचं नाही."

"मॅडम, ही ओळ गेली तरी तुम्हाला काय फरक पडतो? सिझेरियन तर तुम्ही करताच आहात."

"मला नाही फरक पडत. माझी किती वर्षं राहिली?" त्या खुर्चीत बसल्या. "तुमचा नियम काय आहे, शिकणाऱ्याच्या शेजारी कोण उभं राहू शकतं?"

"ज्याच्याकडे ते प्रिव्हिलेज आहे तो."

"मग झालं. माझ्याकडून गेलं की या इमारतीत शेजारी उभं राहायला कुणी नाही. ह्या पोरींनी एकीनेही पाहिलेलं नाही. पुस्तकात वाचलंय. अगं, कधीतरी एखादी बाई दारातच तशी येणार. टेबलावर न्यायलाही वेळ नसणार. तेव्हा ह्या घाबरून ओढणार. ओढलं की संपलं."

मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "मी तशीच जन्मले, मॅडम."

त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "तू पायाळू?" आणि हसल्या. "आमच्या आजीकडे एक पायाळू गडी यायचा. हाडांच्या विभागात सांगू नकोस, त्यांचं गिऱ्हाईक तुटेल." मग गंभीर होऊन विचारलं, "कुणी केलं?"

मी गावाचं नाव सांगितलं. मनात एक वेडी आशा होती, ती लपवत नाही. त्यांनी मान हलवली. त्या तिकडे कधी गेल्याच नव्हत्या. मीही त्या डॉक्टरीणबाईंबद्दल पूर्वी गावी विचारून पाहिलं होतं. कंत्राटावर आलेल्या, थोडे महिने राहिलेल्या. "गोऱ्याशा होत्या," एवढंच जुन्या नर्सला आठवत होतं. कुठल्याही डॉक्टरने कुठे काय केलं ते शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि जिच्या हातात मी पहिल्यांदा आले तिचं नावही मला सापडलं नाही.

समितीत मी फक्त कागद ठेवते आणि इतिवृत्त लिहिते. तिथे बोलायची मला सवय नाही. वैद्यकीय संचालक मॅडमबद्दल आदराने बोलले. पण आकडा शून्य होता आणि नियम सर्वांना सारखा. शिवाय ते म्हणाले, तशीच वेळ आली तर तातडीच्या प्रसंगी जीव वाचवण्यासाठी कुणीही डॉक्टर जमेल ते करूच शकतो, त्याला प्रिव्हिलेज लागत नाही. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. विभागप्रमुखांनी माना डोलावल्या. ओळ गेली.

पुढचा विषय सुरू होणार तेवढ्यात मी हात वर केला. शाळेत करतात तसा, कोपर टेबलाला टेकवून. "सर, नियम रुग्णांबद्दल आहे. बाहुलीबद्दल काही लिहिलेलं नाही."

संचालकांना आधी कळलं नाही. प्रशिक्षणाच्या खोलीत बाळंतपणाचा सराव करायला कमरेचा एक साचा आणि रबरी बाळ आहे, त्यावर शिकवायला कुणाची हरकत आहे का, असं मी विचारलं. ते हसले, कुत्सितपणे नाही, मनापासून हसले, आणि म्हणाले, बाहुलीची तक्रार येणार नाही. लिहून घ्या.

मी हे मॅडमना सांगितलं. "सरी," त्या म्हणाल्या. "बाहुलीला कळा येत नाहीत. पण सरी."

पहिल्या सरावाला हजेरी घ्यायची म्हणून मी गेले. चार-पाच रेसिडेंट मुली होत्या, त्यात नागपूरची एक, बोलकी, सगळ्यांत पुढे. मॅडमनी साच्यातून रबरी बाळ उलट बाजूने हळूहळू खाली सोडायला सुरुवात केली. आधी कुल्ला, मग पाय. नागपूरच्या मुलीचा हात आपोआप पुढे गेला. मॅडमनी त्यावर चापटी मारली.

"कशाला?"

"मॅम, धरायला."

"ते पडतंय का? धरायचं नाही. ओढायचं तर अजिबात नाही. तू ओढलंस की त्याचे हात वर जातात, मान ताठ होते, डोकं अडकतं. मग तू आणि मी दोघीही काही करू शकत नाही. आईला कळ येऊ दे. बाळ आपणहून येतंय. तू बघ."

"मग हातांचं काय करू?"

"मागे बांध."

मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "चेष्टा नाही. मागे बांध. माझ्या मॅडमनी मला तसंच उभं केलं होतं. हे सगळ्यात अवघड आहे. बाई ओरडते, नर्स सांगते ओढा, बाहेर सासू बोंबलते, आणि आपण शिकलेल्या बाया, आपले हात शिवशिवतात. तेव्हा हात मागे. मानेची मागची बाजू दिसेपर्यंत. मग पुढे या, आणि तेव्हा काय करायचं ते मी दाखवते."

हजेरीचा कागद माझ्या हातात तसाच राहिला. साच्याच्या कडेने ते रबरी पाय लोंबत होते आणि खोलीत कुणी हालत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावचा दवाखाना आला, निळ्या रंगाच्या अर्ध्या भिंती, आणि एक गोरीशी तरुण बाई. नुकती शिकून आलेली, ओळखीचं कुणी नाही, अंगावर ओरडणारी माझी आई, खांद्याशी नर्स. आणि तिने हात मागे बांधलेले. तिचेही हात शिवशिवले असतील. आम्ही इतकी वर्षं त्या हातांवरून हसलो.

मॅडमनी शेवटी डोकं कसं सोडवायचं ते दाखवलं, पुन्हा पुन्हा, वाकून. मुली गेल्यावर त्या सरळ व्हायला गेल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. कंबर धरली. मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत, टेबलाला टेकून पाठमोऱ्या वाकल्या.

"लाव."

"मॅडम, नको. तुम्ही डॉक्टर आहात."

"माझा विश्वास नाही त्याच्यावर. लाव तू."

"माझ्याकडे त्याचं प्रिव्हिलेज नाही."

"शेजारी मी उभी आहे ना? देखरेखीखाली कर."

मी चप्पल काढली. डावा पाय त्यांच्या कमरेला लावला, कडक इस्त्रीच्या सुती साडीवर, हळूच. मग खाली वाकून पाया पडले. किती वर्षांनी पडले होते अशी. फरशी थंड होती आणि तिला फिनाइलचा वास होता, पण मला आमच्या अंगणातल्या शेणाचा वास आला. उठायला थोडा वेळ लागला. मॅडमनी पर्समध्ये हात घालून लिमलेटची गोळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. त्यांनाही ती रीत माहीत होती.

"गेली का उसण?" मी विचारलं. पहिल्यांदाच कुणाला विचारलं.

"स्वल्प," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर मी आईला फोन केला. सगळं सांगितलं. ओढलं असतं तर काय झालं असतं तेही सांगितलं. आई ऐकत होती, मागे टीव्ही चालू होता. मग तिने टीव्ही बंद केला.

"मग तेव्हाच सांगायचं ना तिनं," ती म्हणाली.

"तू ऐकलं असतंस?"

"कशाचं ऐकते मी." मग म्हणाली, "ओटी भरायला पायजे होती गं. खण होता घरात. हिरवा. तसाच ठेवला मी." आणि फोन ठेवताना, "जिवंत असंल का ती?"

पुढे काही महिन्यांनी एका दुपारी होसकोटेच्या पलीकडून एक बाई रिक्षातून आली. बाळाचा कुल्ला दिसत होता, वर न्यायला वेळ नव्हता. कामावर नागपूरची ती मुलगी होती. वरिष्ठ डॉक्टर पोहोचेपर्यंत बाळ झालं, रडलं, आईजवळ गेलं. मुलगी झाली होती. हे मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, कारण तक्रार आली. तक्रार आली की तिची प्रत डॉक्टरच्या फाइलला लागते, म्हणून ती माझ्या टेबलावर येते. बाळाच्या वडिलांनी लिहिली होती, पण सांगणारी त्याची आई होती हे कळत होतं. डॉक्टर तरुण आहे, तिला काही येत नाही. सून ओरडत होती आणि डॉक्टर हात मागे बांधून नुसती उभी होती.

मी ते दोनदा वाचलं. मग नागपूरची मुलगी आली, चेहरा उतरलेला.

"मॅम, माझी फाइल खराब झाली ना?"

"नाही," मी म्हटलं. "चौकशी होईल, मॅडम उत्तर लिहितील, दोन्ही कागद एकत्र लागतील."

"मला खूप भीती वाटली होती. मी हात एकमेकांत इतके घट्ट धरले होते की नखं लागली." तिने तळहात दाखवला.

मॅडमना कागद नेऊन दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. त्यांच्या तोंडावर जे आलं त्याला हसू म्हणता येणार नाही.

"तरुणपणी माझ्यावर अशा पुष्कळ तक्रारी यायच्या," त्या म्हणाल्या. "अगदी हीच. आता बरीच वर्षं कुणी केली नाही." कागद परत देताना त्यांनी तो पटकन सोडला नाही. "याची एक प्रत माझ्या फाइलला लाव. नियमात बसत नसेल तर मला दे."

नियमात बसत नव्हतं. प्रत मी त्यांना दिली.

मग मी जे केलं ते माझ्या कामात येत नाही. मी खाली वॉर्डात गेले. ती सासू खाटेशेजारी बसली होती, नात मांडीवर. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली, अडले तिथे हिंदी घातलं. अज्जी, ती डॉक्टर उभी होती कारण तसंच करायचं असतं. ओढलं असतं तर ही तुमच्या मांडीवर नसती. तिला येत होतं म्हणून ती उभी राहू शकली.

अज्जीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू डॉक्टर?"

"नाही. मी कागदांचं काम करते."

"मग तुला कसं माहीत?"

"मीही अशीच आले. पाय आधी."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग नातीच्या दुपट्यातून बाहेर आलेल्या पायांकडे. ते अजून वरच्या बाजूला दुमडलेले होते, पोटात होते तसे. तिने ते मुठीत धरले. खाटेवरच्या सुनेकडे वळून ती भराभर काहीतरी बोलली, त्यातलं डॉक्टर एवढंच मला कळलं, आणि सून मान हलवून हसली. मग अज्जी पुन्हा माझ्याकडे वळली. आता आवाज मऊ होता.

"आणि तुझ्या वेळी? तेव्हा कोण उभी होती?"

याला उत्तर म्हणून माझ्याकडे एकच शब्द होता, आणि या शहरात मी तो हजार वेळा सहज उच्चारला आहे.

"गोत्तिल्ल, अज्जी," मी म्हटलं.